मेंढ्यांच्या तोंडचा घास

शेती-सल्लागार हालवार तुफ्ते यांनी माळावरच्या हेदर झुडपाची एक वाळकी फांदी शाळेच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, "हा झाडू आहे, चारा नव्हे. झाडू खाऊन जनावर जगत नाही, नुसतं मरायचं लांबतं."

१९६१चा मार्च होता. तारवेर बेटावरच्या अकरा घरांतली आम्ही माणसं मुलांच्या छोट्या बाकांवर अंग चोरून बसलो होतो. मग ओलिना ब्रेक्का उठली. बासष्ट वर्षांची, बुटकी, पायात नवऱ्याचे रबरी बूट. टेबलाजवळ गेली, फांदी उचलली, एक तुकडा दातांनी तोडला आणि तुफ्तेंच्या समोर उभी राहून चावू लागली. बराच वेळ चावत होती. मग गिळला.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण झाडू नाही. झाडू मी चाळीस वर्षं हातात धरलाय, मला फरक कळतो."

मागच्या बाकावरून तिचा नवरा अन्फिन म्हणाला, "घरी चल गं, लोकांना वाटेल मी तुला उपाशी ठेवतो."

हशा झाला. तुफ्तेही हसले. पण त्यांच्या हातातला कागद तसाच होता आणि त्याच्यावर दहा सह्या झाल्या होत्या. अकरावी ओलिनाची हवी होती. त्या दहांमध्ये एक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

मी बोर्गिल्ड. धक्क्यावरचं दुकान आणि टपाल माझ्याकडे होतं. नवरा गेल्यावर माळाचा आमचा वाटाही माझ्याच नावावर आला. माळ सगळ्यांचा सामाईक, वाटे अकरा, त्यामुळे त्याचं काहीही करायचं तर अकराही जणांची संमती लागायची. तुफ्तेंची योजना अशी होती की बेटाच्या अर्ध्या भागावरचा हेदर नांगरून तिथे गवताचं बी पेरायचं, दलदलीत चर खणून पाणी काढून टाकायचं आणि उरलेल्या खडकाळ जागेत स्प्रूसची, म्हणजे लाकडासाठीच्या सूचिपर्णी झाडांची, रोपं लावायची. फेब्रुवारीत माळ जाळायची जुनी पद्धत बंद. आमच्या शिंगवाल्या, तपकिरी, आखूड शेपटीच्या मेंढ्या जाऊन मोठ्या पांढऱ्या मेंढ्या येणार. त्या ऑक्टोबर ते मे गोठ्यात राहणार, वाळलं गवत आणि पोत्यातला खुराक खाणार. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रेडिओवर रोज हेच सांगत होते. आणि तुफ्ते माणूस वाईट नव्हता. आपण लोकांना गरिबीतून वर काढतो आहोत असं त्याला मनापासून वाटायचं. अशा माणसाशी भांडणं फार जड जातं.

ओलिनाला जड गेलं नाही.

"तू आमच्या मेंढ्या बघितल्यास का रे?" तिने विचारलं. आमच्याकडे पाद्र्यालाही अरे-तुरेच करतात.

"बाई, मी जनावरं बघून बोलत नाही, मी आकडे बघून बोलतो. तुमचा तो विश्वास आहे. माझ्याकडे विज्ञान आहे."

"हेदरचे आकडे आहेत तुझ्याकडे? आमच्या माळावरच्या?"

तुफ्तेंनी हातातला कागद उलटून बघितला. "तुमच्या माळावरचे नाहीत. हेदर सगळीकडे सारखाच."

"मासे सगळीकडे सारखेच म्हणणारा माणूस कधी होडीत बसलेला नसतो," ओलिना म्हणाली. "आकडे येईपर्यंत माझी सही मिळायची नाही."

"कोण आणणार आकडे?"

"मी."

त्या दिवशी बाहेर पडताना शेजारचा सीवेर्त तिला म्हणाला, "तुझ्या पन्नास मेंढ्यांपायी आमची घरं मागासलेली ठेवणार आहेस होय? आम्ही काय मेलेल्यांच्या जगात राहायचं?"

"तू राहा की शहरात. तिकडे फूटपाथवर एकही हेदर उगवत नाही," ती म्हणाली आणि बूट खडखडवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. आमच्याकडे येणाऱ्या शेतीच्या साप्ताहिकात एलिसिफ मून नावाची एक रसायनतज्ज्ञ बाई चाऱ्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एका शेती-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. ओलिनाने तिचा पत्ता मागितला आणि साखरेच्या रिकाम्या कागदी पिशव्या मागितल्या.

"किती?"

"असतील तेवढ्या."

मग सुरू झालं ते वर्षभर चाललं. ओलिना विळा घेऊन माळावर जायची, हेदर कापायची, दलदलीतलं गवत कापायची, भरतीच्या रेषेवरचं शेवाळ उचलायची आणि पिशवीवर महिना आणि जागा लिहायची. चुलीवरच्या दांडीवर सगळं वाळत घालायची. अन्फिन माझ्याकडे तंबाखू घ्यायला येई तेव्हा कुरकुर करी. "माझे मोजे खाली उतरवले तिने. घरात पाऊल ठेवलं की गोठ्यात आल्यासारखं वाटतं. काल सूपमध्ये कुठलं तरी पान सापडलं, तर म्हणते, जपून, तो जूनचा नमुना आहे!"

ऑगस्टमध्ये पहिलं उत्तर आलं. पत्र ओलिनाने माझ्यासमोरच फोडलं. वाचता वाचता तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"काय म्हणतात?"

"शंभरात पाच भाग प्रथिनं. बाकी लाकूड." तिने पत्राची घडी घातली. "तुफ्ते म्हणतो तसंच."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. आता ती सही करेल, भांडण मिटेल, आणि माझी सही चुकीची नव्हती हेही सिद्ध होईल.

पण पत्राच्या तळाशी एलिसिफ मूनने एक ओळ हाताने लिहिली होती. *मेंढी फांदीचा किती भाग खाते? तुम्ही पाठवलाय तेवढा सगळा?*

ओलिनाने ती ओळ दोनदा वाचली. मग कपाळावर हात मारला. "मूर्ख म्हातारी! अगं, मी कापलं ते माझ्या विळ्याने. मेंढीला काय विळा असतो?"

त्यानंतर तिने विळा ठेवून दिला आणि शिवणाची कात्री घेतली. सकाळी मेंढ्या निघाल्या की ही त्यांच्या मागे. एकेका मेंढीपासून दहा पावलांवर बसायची, ती काय तोडते, किती तोडते, कुठून तोडते ते बघायची, आणि मेंढी पुढे गेली की शेजारच्या झुडपाचा तेवढाच, तसाच घास कात्रीने उतरवायची. पाऊस असो, वारा असो. लोक हसायचे. सीवेर्त तिला "मेंढ्यांची न्हावीण" म्हणायचा. पण हळूहळू तिला जे दिसलं ते तिने मला टपालाच्या काउंटरवर सांगितलं, आणि तिथेच पहिल्यांदा मला वाटलं की मी या माळाच्या कडेला एकोणीस वर्षं राहिले आणि काहीच बघितलं नाही.

"जुना हेदर, गुडघ्याएवढा, त्याला त्या तोंड लावत नाहीत. वाऱ्यापासून आडोसा म्हणून बसतात नुसत्या," ती म्हणाली. "सहा-सात वर्षांमागे जाळलेल्या तुकड्यावर जातात, आणि तिथेही वरचे दोन बोटं शेंडे. तेवढेच. थंडीत ओहोटी लागली की माझ्याआधी त्यांना कळतं, खाली जाऊन शेवाळ खातात. आणि फेब्रुवारी सरता सरता, पोटात कोकरं जड झाली की, सगळ्या उठून दलदलीत. तिथे कापूसगवताचे कोंब ओढून काढतात. वरचं पान खात नाहीत गं, ओढतात, आणि बुडाचा पांढरा भाग खातात. तेव्हा तिथे दुसरं हिरवं काही नसतं. त्यांना कोणी सांगितलं?"

"तू नाही विचारलंस?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, तू तुझं बघ."

ओलिनाला दलदलीचं हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण अर्धंच. तिच्या वडिलांचा नियम होता की मार्चमध्ये दलदल उघडी ठेवायची आणि मे महिना लागला की बंद. दलदलीभोवती कमरेएवढी दगडी भिंत होती ती त्यासाठीच. कारण त्याच पाण्यात मे संपताना रोमे नावाचं रोप उगवतं. पातळ तलवारीसारखी पानं, नंतर पिवळी फुलं. कोकरांनी ते खाल्लं आणि वर ऊन पडलं की त्यांचे कान सुजतात, तोंडाची कातडी भाजल्यासारखी फुटते. जुनी माणसं त्याला भुतांचा जाळ म्हणायची. भुतं-बितं ओलिना मानत नव्हती. भिंत मानत होती.

डिसेंबरात, जानेवारीत, मार्चमध्ये पाकिटं जात राहिली. एप्रिलअखेर एलिसिफ मूनचं लांबलचक पत्र आलं. कोवळ्या हेदरच्या शेंड्यांत शंभरात नऊ भाग प्रथिनं. चुना पुरेसा. फॉस्फरस मात्र कमी, आणि टॅनिन भरपूर, म्हणजे त्यातली काही प्रथिनं बांधलेली राहतात, जनावराला लागत नाहीत.

"टॅनिन म्हणजे?" मी विचारलं.

अन्फिन बाकावर बसला होता. "ज्या सालीच्या काढ्यात आपण जाळी कुजू नयेत म्हणून बुडवतो ना, त्यात असतं ते. म्हणजे हिच्या मेंढ्या आतून कुजणार नाहीत."

"गप्प बस. पुढे ऐका," ओलिना म्हणाली. "कापूसगवताचे कोंब, मार्च. प्रथिनं शंभरात पंधरा. फॉस्फरस हेदरच्या तिप्पट." तिने पत्र माझ्यासमोर धरलं. "बोर्गिल्ड, तिप्पट. जे हेदरमध्ये नाही तेच. बरोबर त्याच महिन्यात."

शेवटी आणखी एक ओळ होती. *नमुना क्र. ३१, 'अनोळखी', वाळलं गवत, उशिरा कापलेलं व भिजलेलं. प्रथिनं शंभरात सात.*

"हा कुठला नमुना?"

ओलिनाने खिडकीतून बाहेर बघितलं. "सीवेर्तच्या बायकोने दिला. त्यांच्या गोठ्यातला मूठभर."

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. ती हे पत्र तुफ्तेंना दाखवेल, ते मान हलवतील, कागद बदलतील. पण तसं व्हायला वेळच मिळाला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दलदलीत चर कुठे खणायचे ते मोजायला चौघे मोजणीदार आले. अकरावी सही नव्हती तरी आले. नुसतं मोजायला सही लागत नाही, म्हणाले. त्यांची खोली मोजायची नळकांडी आणि खांब आत न्यायला दक्षिणेकडच्या भिंतीला त्यांनी भगदाड पाडलं. मी टपालाच्या होडीत होते, पाण्यावरून मला स्वच्छ दिसलं. चार जण दगड बाजूला ढकलत होते. मी मनात म्हटलं, जाताना रचतील. संध्याकाळी ते माझ्याच दुकानात कॉफी पिऊन बोटीने गेले. मी विचारलंसुद्धा नाही.

त्या सुमारास ओलिना पलीकडच्या बेटावर बहिणीकडे होती, बहिणीला न्यूमोनिया झाला होता. अन्फिनचा पाय अधू, तो माळावर चढत नसे. ती सतरा दिवसांनी परतली. त्या दिवसांत सलग कडक ऊन पडलं होतं. असं आमच्याकडे वर्षातून एकदाच पडतं आणि लोक त्याबद्दल देवाचे आभार मानतात.

तिची अकरा कोकरं त्या भगदाडातून दलदलीत गेलेली सापडली. कान जाड होऊन खाली लोंबत होते, डोळे सुजून मिटले होते, नाकावरची कातडी तडकली होती. सीवेर्तचीही पाच. ओलिनाने एकेक कोकरू खांद्यावर टाकून होडीच्या खोपटात आणलं, सगळ्या फटी पोत्यांनी बंद केल्या आणि आत काळोख केला. त्यांच्या आयांनाही आत घेतलं. मी मदतीला गेले. त्या काळोखात कोकरं चाटली जात असल्याचा आवाज तेवढा येत होता. चौथ्या दिवसापर्यंत तीन मेली. सीवेर्तची दोन.

आठवड्याभरात माझ्या काउंटरवरून एक लिफाफा गेला. सीवेर्तचं अक्षर, पशुकल्याण समितीचा पत्ता. टपाल सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडाला कुलूप असतं. मी शिक्का मारला. उत्तर आलं ते ओलिनाच्या नावे, तक्रारीच्या रूपात. ओलिना ब्रेक्का हिवाळाभर जनावरं उपाशी, बिनगोठ्याची सोडते आणि विषारी कुरणात चारते. जूनअखेर चौकशी. तुफ्ते साक्षीदार.

"सही केलीत तर हे सगळं मिटेल," तुफ्तेंनी तिला धक्क्यावर सांगितलं, माझ्या दारातच. आवाज खरोखर मऊ होता. "मला तुमचं वाईट करायचं नाही, बाई. पण तुमच्या माळावर विष आहे, हे आता तुम्हीच बघितलंत."

"बघितलं," ओलिना म्हणाली. "माझ्याच हातात कोकरं मेली. म्हणून आता तर मुळीच नाही."

चौकशीला समितीचे तिघे आले. त्यांचा प्रमुख म्हातारा पशुवैद्य होता, बोलणं कमी. आधी तो माळावर गेला आणि ओलिनाच्या वीस मेंढ्या एकेक धरून त्यांच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. हिवाळा काढलेल्या, कोकरं पाजणाऱ्या मेंढ्या. त्याने काही मत दिलं नाही, वहीत लिहिलं. मग सगळे शाळेत आले. त्याच बाकांवर आम्ही बसलो. दारात एक परकी बाई उभी होती, उंच, चष्मेवाली, हातात पत्र्याचा डबा. एलिसिफ मून. ओलिनाने तिला तार केली होती हे मला ठाऊक होतं, पण ती रेल्वेने आणि दोन बोटी बदलून खरंच येईल असं वाटलं नव्हतं.

तुफ्तेंनी आपली बाजू मांडली. हेदरचं पोषण कमी, टॅनिन जास्त, दलदलीत विषारी वनस्पती. "अशी जमीन ठेवणं म्हणजे जनावरांशी जुगार आहे."

मग ओलिनाने पत्र वाचलं. सगळं वाचलं. टॅनिनचं वाईटही लपवलं नाही, शंभरात पाचवाला जुन्या हेदरचा आकडाही वाचला. नमुना एकतीसला आल्यावर ती थांबली.

"हे वाळलं गवत. ज्याच्यासाठी माळ नांगरायचा ते. शंभरात सात. माझे शेंडे नऊ."

"कुठलं गवत ते?" सीवेर्त ओरडला. "कुठलं तरी सडकं असेल!"

त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "तुझंच आहे." मग अन्फिन हसला आणि त्याच्यामागून निम्मी शाळा.

"नऊमधले सगळे नऊ लागत नाहीत," तुफ्ते म्हणाले. बरोबरच होतं ते.

"नाहीत लागत," एलिसिफ मून दारातूनच म्हणाली. "एकट्या हेदरवर मेंढी गाभण राहून वाचणार नाही. पण या एकट्या हेदरवर नाहीत. शेवाळ आहे, कापूसगवत आहे, जाळलेल्या जागेवरचं गवत आहे. महिन्यागणिक ताट बदलतं. मी ही जोडी आधी कधी मोजली नव्हती, कारण कोणी मला पाठवलीच नव्हती. तुम्ही दलदल सुकवलीत तर मार्चमधला फॉस्फरस पोत्यातून आणावा लागेल."

"आणि विष?" समितीच्या प्रमुखाने विचारलं. "त्याचं काय?"

मूनने डबा उघडला. आत रोमेची पानं होती. "यात साबणासारखा फेस देणारं द्रव्य असतं, सॅपोनिन. त्याने कोकराचं यकृत बिघडतं असं आम्ही धरतो. मग पानाच्या हिरव्या रंगातून जे उरतं ते शरीराबाहेर जात नाही, कातडीत साठतं आणि उन्हाने पेट घेतं. पोटात नेमकं काय होतं ते पूर्ण कळलेलं नाही, खोटं सांगणार नाही. पण कधी होतं ते माहीत आहे. मेअखेर, जून. लहान कोकरांना."

"म्हणजे विष आहेच," तुफ्ते म्हणाले.

"आहे!" ओलिना उठली. "आहेच! घरात कॉस्टिक सोडा असतो, तो पोरांच्या हाती लागला तर मरतील. म्हणून घर पाडतं का कोणी? वर फळीवर ठेवतात. माझ्या बापाने दलदलीला फळी बांधली होती, दगडाची. ती कोणी पाडली?"

तुफ्ते प्रामाणिकपणे गोंधळलेले दिसले, त्यांना ठाऊकच नसावं. सीवेर्त म्हणाला, "तुझी भिंत तूच नीट ठेवत नाहीस. ढासळली असेल."

मला आठवतं, माझ्या बाकाला शाईचा मोठा डाग होता आणि मी त्याच्यावर अंगठा घासत होते. मग मी उभी राहिले.

"ढासळली नाही. मोजणीदारांनी पाडली, चौघांनी. मेच्या दहा तारखेला, दुपारी. मी होडीतून बघितलं." सगळे माझ्याकडे वळले. "आणि बघून गप्प बसले. त्यांना कॉफी दिली."

ओलिनाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माफी-बिफी काही नव्हती. रागही नव्हता. दुकानात वजनकाट्याकडे बघायची तशी बघत होती.

"आणखी एक," मी म्हटलं. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. "माझी सही मी काढून घेते."

निकाल तीन आठवड्यांनी टपालानेच आला. उपासमारीचा पुरावा नाही, जनावरांची अवस्था उत्तम. मात्र वाऱ्यापावसासाठी छप्पर असलेला निवारा बांधावा. मोजणीदारांच्या खात्याने भिंत पूर्ववत करून द्यावी. त्यांनी ती दिली, पण इतकी वाकडी की ओलिनाने पाडून पुन्हा रचली. निवाराही तिने बांधला, हुकुमाबरहुकूम, पत्र्याचा. त्यात एकही मेंढी कधी गेली नाही. अन्फिनने तिथे जाळी वाळवली आणि समितीला पत्र लिहून आभार मानायची त्याची फार इच्छा होती. ओलिनाने लिहू दिलं नाही.

सगळं काही आम्ही जिंकलो नाही. उरलेल्या नऊ जणांनी माळाची वाटणी मागितली आणि त्यांना ती मिळाली. त्यांचे वाटे नांगरले गेले, चर खणले गेले, चढावर स्प्रूस लागलं. पहिली काही वर्षं गवत झकास आलं, हे मान्य करायला हवं. सीवेर्तच्या पांढऱ्या मेंढ्या मोठ्या होत्या आणि तो त्या सगळ्यांना दाखवायचा. ओलिनाचा आणि माझा वाटा शेजारी-शेजारी आला, भिंतीच्या आतली दलदल आणि समुद्राकडची उतरण. कोणाला नको असलेली जमीन. माझ्या वाट्यावर तिने मेंढ्या सोडल्या आणि मला वर्षातून दोन कोकरांचं मांस दिलं. मी नको म्हटलं तर रागावली. "तुझ्या सहीची किंमत नाही ही. तुझ्या हेदरची आहे."

एलिसिफ मून पुढची आठ वर्षं येत राहिली. दोघी पावसात दहा पावलांचं अंतर ठेवून मेंढ्यांमागे फिरायच्या, कात्र्या घेऊन. कोणती पोथी वाचतात कोण जाणे, असा चेहरा करून. साप्ताहिकात त्यांचा पहिला छापील तक्ता आला तेव्हा ओलिना त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा चुकलाय. हा जानेवारीचा नाही, डिसेंबरचा." आणि बरोबर होती. पुढच्या अंकात दुरुस्ती आली. ती तिने चुलीवरच्या भिंतीला टाचली. तक्ता नाही, फक्त दुरुस्ती.

अन्फिन १९६९मध्ये गेला. त्यानंतर ती आणखी कडक झाली. दर फेब्रुवारीत, जमीन ओली आणि हेदर कोरडा असा दिवस बघून, ती एक तुकडा पेटवायची. जुना, लाकूड झालेला हेदर जळायचा, आणि राखेतून आधी गवत, मग कोवळे शेंडे. १९७६मध्ये ती सत्याहत्तर वर्षांची होती आणि आम्ही दोघी मिळून जाळत होतो, मी ओल्या पोत्याने कडा झोडपत, ती मशाल घेऊन. धूर बघून वनखात्याचा एक तरुण अधिकारी धापा टाकत चढून आला. स्प्रूसची लागवड चारशे पावलांवर होती.

"परवानगी आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"वारा बघ," ओलिना म्हणाली.

"मी परवानगीबद्दल विचारतोय, आजी."

"आणि मी वाऱ्याबद्दल सांगतेय. समुद्राकडे जातोय ना? तुझी झाडं मागे आहेत. ही माझी जमीन, हा माझा हेदर आणि तू माझ्या जाळाच्या वाटेत उभा आहेस. सरक."

तो सरकला. काही क्षण बघत राहिला. मग त्याने आपला नवा कोट काढून दगडावर ठेवला, माझ्या पायाजवळचं दुसरं ओलं पोतं घेतलं आणि डावीकडची कड झोडपू लागला. ओलिनाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "खालून मार," एवढंच म्हणाली. "वरून मारलंस की ठिणग्या उडतात."

ती १९८१च्या शरदात गेली, अंथरुणात, तीन दिवसांच्या तापाने. तिच्या मेंढ्या मी ठेवल्या. आज त्यांची संख्या चौसष्ट आहे. सीवेर्तच्या नातवाने गेल्या वर्षी स्प्रूसचा एक पट्टा तोडला आणि माझ्याकडे येऊन विचारलं, खालची जमीन आता काळी, आंबट, मोकळी पडली आहे, तिथे हेदर परत येईल का?

मी म्हटलं, बी जमिनीत असतं, वाट बघतं. पण आधी तुझ्या आजोबांच्या वाट्यावरची ढासळलेली भिंत बांधून काढ. चरांतल्या पाण्यात रोमेही वाट बघतं.